औषधांचा तुटवडा निविदेच्या आधीच सुरू होतो. आरोग्य विभागांना स्वतःची खरेदी-नियोजन प्रणाली का हवी?

नवी दिल्ली : सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर ‘हे औषध संपले आहे, बाहेरून आणा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या वाक्याची नोंद सहसा कोठेही होत नाही. रुग्ण चिठ्ठी घेऊन समोरच्या औषध दुकानाकडे वळतो आणि दवाखान्याच्या साठा नोंदवहीत त्या दिवशी त्या औषधाचा वापर शून्य दिसतो. वर्षअखेरीस पुढील वर्षाचे मागणीपत्र तयार होते, तेव्हा हे शून्यही बेरजेत मिसळते. औषध मिळाले नाही म्हणून वापर कमी, वापर कमी म्हणून मागणी कमी आणि मागणी कमी म्हणून पुढील वर्षी पुन्हा तुटवडा, असे हे चक्र आहे.

गेल्या दशकभरात सरकारी खरेदीच्या संगणकीकरणावर देशात मोठे काम झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-निविदा प्रणालीवर महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या निविदा निघतात. २०१६ मध्ये ‘जेम’ ही सरकारी ई-बाजारपेठ सुरू झाली. परंतु या दोन्ही व्यवस्थांचे काम ‘काय आणि किती घ्यायचे’ हे ठरल्यानंतर सुरू होते. ते ठरवण्याचे काम, म्हणजेच खरेदीचे नियोजन, आजही अनेक ठिकाणी तालुक्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून संचालनालयाकडे जाणाऱ्या तक्त्यांवर चालते. निविदा कितीही पारदर्शक असली, तरी तिच्यात भरलेला आकडाच चुकीचा असेल तर पारदर्शक रीतीने चुकीची खरेदी होते, एवढेच.

हा आकडा कसा चुकतो, ते एका काल्पनिक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या उदाहरणाने पाहता येईल. या केंद्रात वर्षभरात पॅरासिटामॉलच्या २४,००० गोळ्या वाटल्या गेल्या. बारा महिन्यांनी भागले तर सरासरी महिना २,००० येते. मात्र वर्षातील चार महिने केंद्रात ही गोळी उपलब्धच नव्हती. म्हणजे २४,००० गोळ्या प्रत्यक्षात आठ महिन्यांत संपल्या आणि खरी गरज महिन्याला ३,००० ची, वर्षाला ३६,००० ची आहे. प्रचलित पद्धतीप्रमाणे गतवर्षीच्या वापरात दहा टक्के वाढ धरून २६,४०० गोळ्यांची मागणी नोंदवली, तर त्या नऊ महिनेही पुरणार नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस खिडकीवर पुन्हा तेच वाक्य ऐकू येईल.

औषध-पुरवठ्याच्या शास्त्रात यावर साधा उपाय आहे. एकूण वापराला बारा महिन्यांनी न भागता, औषध प्रत्यक्ष उपलब्ध होते तेवढ्याच महिन्यांनी किंवा दिवसांनी भागायचे. या दुरुस्त सरासरीवरून वर्षाची गरज काढायची, त्यात राखीव साठा मिळवायचा आणि हातातील साठा व मागवलेला पण न पोहोचलेला माल वजा करायचा. वरील केंद्रासाठी वर्षाच्या ३६,००० गोळ्या आणि तीन महिन्यांचा राखीव साठा ९,००० मिळून ४५,००० होतात. हातात ४,००० गोळ्या असतील आणि ६,००० वाटेत असतील, तर मागणी ३५,००० ची. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. मात्र त्यासाठी औषध कोणत्या दिवशी संपले आणि कोणत्या दिवशी पुन्हा आले, हे ठाऊक असावे लागते. कागदी नोंदवहीतून शेकडो औषधांसाठी आणि हजारो केंद्रांसाठी ते शोधून काढणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे आहे. संगणक प्रणालीची खरी गरज येथे आहे.

हे काम किती मोठे आहे, याची कल्पना केंद्र सरकारच्या शिफारशींवरून येते. मोफत औषध सेवा उपक्रमांतर्गत उपकेंद्रासाठी १०६, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी १७२, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ३००, उपजिल्हा रुग्णालयासाठी ३१८ आणि जिल्हा रुग्णालयासाठी ३८१ औषधांची यादी सुचवण्यात आली आहे. एखाद्या मध्यम राज्यातही औषध आणि केंद्र यांच्या जोड्या लाखांच्या घरात जातात. प्रत्येक जोडीचा वापर वेगळा, हंगाम वेगळा, मुदत संपण्याची तारीख वेगळी.

खोट्या आकड्यांचे दुसरे मूळ मानवी स्वभावात आहे. मागितलेले सगळे मिळत नाही, हा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी गरजेच्या दुप्पट मागतो. आकडे फुगवलेले असतात, हा अनुभव असलेले वरिष्ठ कार्यालय सरसकट कपात लावते. दोघेही आपापल्या जागी शहाणे असतात. मात्र ज्याने प्रामाणिक आकडा दिला, त्याच्याकडे सर्वांत आधी औषध संपते आणि पुढच्या वर्षी तोही दुप्पट मागू लागतो. मागणीचा आकडा कोणाच्या अंदाजावर न ठरता नोंदलेल्या वापरातून निघाला आणि अधिकाऱ्याला त्यात केवळ कारण देऊन बदल करता आला, तर ही स्पर्धा थांबू शकते.

या प्रश्नाला देशात सर्वप्रथम भिडलेले राज्य तमिळनाडू होय. १९९४ मध्ये तेथे तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाने अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी निश्चित केली, जिल्ह्यांच्या ठिकाणी गोदामे उभारली आणि पुरवठा झालेल्या औषधांचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच ती वितरित करण्याची पद्धत घातली. तेथील ‘पासबुक’ पद्धत विशेष लक्षणीय आहे. प्रत्येक रुग्णालयाला औषधांसाठी ठरावीक रकमेची मर्यादा मिळते आणि बँकेच्या खात्याप्रमाणे त्या मर्यादेतून गोदामातील औषधे उचलता येतात. दुप्पट मागून ठेवण्यात मग काही लाभ उरत नाही, कारण एका औषधावर जास्त रक्कम गेली की दुसऱ्यासाठी ती उरत नाही. गोदामांच्या साठ्याच्या संगणकीय नोंदी या महामंडळाने फार लवकर सुरू केल्या. इंटरनेट अद्याप जिल्ह्यांपर्यंत पोहोचायचे होते, त्या काळापासून.

राजस्थानने २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. या योजनेच्या कण्याचे काम ‘ई-औषधी’ प्रणालीने केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे ‘सी-डॅक’ने, आपल्या नोएडा केंद्रात ती विकसित केली. कोणत्या जिल्हा गोदामात कोणत्या बॅचचा किती साठा आहे, हे जयपूरमधील अधिकाऱ्याला दिसू लागल्याने एका जिल्ह्यातील अतिरिक्त औषध दुसरीकडे वळवणे शक्य झाले. तपासणीत नापास ठरलेल्या बॅचचे वितरण गोदामातच रोखता येऊ लागले. पुढे ही प्रणाली वेगवेगळ्या नावांनी अनेक राज्यांत गेली. ओडिशात ती ‘ई-निरामय’ आहे; राष्ट्रीय पातळीवर तिच्या रूपाला औषध व लस वितरण व्यवस्थापन प्रणाली म्हटले जाते.

महाराष्ट्राचा प्रवास अधिक वळणांचा आहे. २०१७ मध्ये राज्याने औषध खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटले. खरेदीला होणाऱ्या विलंबाच्या तक्रारी वाढल्यानंतर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा होता, असा आरोप झाला. रुग्णालय प्रशासनाने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणे हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. परंतु ‘औषध होते की नव्हते’ या साध्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी विधाने व्हावीत आणि प्रत्येक औषधाचा त्या दिवशीचा साठा सर्वांसमोर मांडून तो वाद मिटवता येऊ नये, यातच नोंदींच्या व्यवस्थेचे मोल दिसते.

‘स्वतःची’ प्रणाली म्हणजे काय?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्वतःची प्रणाली याचा अर्थ आरोग्य विभागाने कारकुनांना बसवून आज्ञावली लिहावी, असा नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र वा सी-डॅक यांसारख्या शासकीय संस्थांची मदत घेता येते, मुक्त स्रोत आज्ञावली वापरता येते, एखादा भाग बाहेरूनही करून घेता येतो. मात्र औषधांची सांकेतांक सूची, मागणी काढण्याचे सूत्र, साठवलेली माहिती, मूळ संहिता आणि ती समजणारी माणसे या गोष्टी विभागाच्या हातात राहाव्या लागतात. यांतील एकही गोष्ट कंत्राटदाराकडे गेली, तर कंत्राट संपण्याच्या दिवशी विभाग पुन्हा कोऱ्या तक्त्यावर येतो. किंवा सूत्रातील एक ओळ बदलण्यासाठीही नव्या निविदेची वाट पाहत बसतो.

यातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम सांकेतांक सूचीचे आहे. एका केंद्रात ‘पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम गोळी’, दुसऱ्यात ‘गोळी पीसीएम’ आणि तिसऱ्यात कंपनीच्या नावाने तेच औषध नोंदलेले असते. कोणी गोळ्या मोजतो, कोणी दहा गोळ्यांची पट्टी, तर कोणी खोका. ५०० पट्ट्यांच्या जागी ५०० गोळ्या असे वाचले गेले, तर मागणी एका फटक्यात दहापटीने घटते आणि संगणकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. प्रत्येक औषधाचे एक नाव, एक मात्रा, एक रूप आणि मोजण्याचे एकच परिमाण ठरवणारी सूची तयार करणे हे संगणकतज्ज्ञाचे काम नव्हे. ते औषध निर्माण अधिकारी, भांडारपाल आणि डॉक्टरांनी एकत्र बसून करायचे काम आहे. बाहेरचा कंत्राटदार ते करू शकत नाही आणि जेथे त्याच्यावर सोपवले जाते, तेथे जुन्या नोंदवहीतील गोंधळ जसाच्या तसा पडद्यावर उतरतो.

सूत्राचेही तसेच. सरासरीचे गणित पॅरासिटामॉलला लागू पडते, सर्पदंशावरील प्रतिविषाला नाही. एखाद्या आरोग्य केंद्रात चार महिने एकही सर्पदंशाचा रुग्ण येत नाही आणि पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन येतात. सरासरी काढली तर प्रतिविषाच्या एखाद-दोन कुप्यांची मागणी निघेल. एका गंभीर रुग्णालाच त्याहून कितीतरी अधिक कुप्या लागू शकतात. शिवाय घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होणारे हे औषध मागणी वाढली म्हणून आठवड्यात बनवून मिळत नाही. अशा औषधांसाठी ‘वापर कितीही असो, साठा यापेक्षा खाली जाता कामा नये’ असा स्वतंत्र नियम लागतो. विंचूदंशावर प्राझोसिन प्रभावी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. कोकणातील केंद्रांना जीवनावश्यक असलेली ही स्वस्त गोळी खर्चाच्या क्रमवारीत पार तळाशी असते. केवळ खर्चाकडे पाहणारी प्रणाली महागड्या औषधांवर लक्ष ठेवते आणि अशी गोळी विसरते. म्हणूनच नियोजनात औषधांची वर्गवारी दोन प्रकारे करतात : एक खर्चानुसार, दुसरी औषध नसल्यास जिवावर बेतते की केवळ गैरसोय होते, त्यानुसार. दुसरी वर्गवारी त्या त्या भागातील डॉक्टरच करू शकतात.

लसींचा अनुभव याच्या तुलनेत आशादायक आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१५ पासून उभारलेल्या ‘ई-विन’ प्रणालीत शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी मोबाइलवरून साठ्याची नोंद करतो आणि शीतकपाटांतील तापमान उपकरणाद्वारे आपोआप कळते. कोविड काळातील ‘को-विन’ याच पायावर उभे राहिले. मात्र लसींचे गणित मुळात सोपे आहे. जिल्ह्यात किती बालके जन्मतील हे बऱ्याच अचूकतेने सांगता येते आणि प्रत्येक बालकाला कोणत्या लसीच्या किती मात्रा लागतील, हे वेळापत्रकातच असते. तापाच्या, रक्तदाबाच्या किंवा जखमेवरील औषधांना असे वेळापत्रक नसते.

लसींच्या यशातून एक नवी अडचणही निर्माण झाली. प्रत्येक राष्ट्रीय कार्यक्रमाने आपापली प्रणाली उभी केली. लसींसाठी ई-विन, क्षयरोगाच्या औषधांसाठी ‘निक्षय औषधी’, कुटुंब नियोजनाच्या साधनांसाठी आणखी एक आणि सर्वसाधारण औषधांसाठी राज्याची वेगळी. दिल्लीत या चार विभागांच्या चार प्रणाली असल्या, तरी आरोग्य केंद्रात त्या बहुधा एक-दोन माणसांच्याच वाट्याला येतात. औषध देणे, साठा लावणे, अहवाल पाठवणे आणि त्यातच वेगवेगळ्या पडद्यांवर नोंदी करणे, हे सारे त्याने दुपारच्या बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत करायचे असते. मग नोंदी महिनाअखेरीस एकदम भरल्या जातात आणि औषध नेमके कोणत्या दिवशी संपले, ही नियोजनाला हवी असलेली एकमेव माहिती त्यातून गळून पडते. मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या भागांत इंटरनेटची जोडणी तुटली की अडचण वाढते. जोडणी नसतानाही नोंद स्वीकारणारी आणि जोडणी येताच ती पुढे पाठवणारी रचना ही म्हणूनच प्राथमिक गरज ठरते.

नियोजन अचूक असले म्हणजे औषध मिळतेच, असेही नाही. क्षयरोगाच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाची माहिती केंद्र सरकारकडे असते. त्यामुळे मागणीचा अंदाज तुलनेने सोपा. तरीही मार्च २०२४ मध्ये केंद्राला राज्यांना पत्र पाठवून क्षयरोगाची काही औषधे तीन महिन्यांपुरती स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगावे लागले. उपचार खंडित झाल्यास औषधांना दाद न देणारा क्षयरोग बळावतो, म्हणून या तुटवड्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही. मागणी, निविदा, दरकरार, खरेदी आदेश, पुरवठा आणि प्रयोगशाळा तपासणी या साखळीतील प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतात, याची नोंद त्याच प्रणालीत नसेल, तर मागणीचा बरोबर आकडाही उशिरा पोहोचतो. या टप्प्यांना मिळून अनेक महिने लागू शकतात. त्यामुळे एप्रिलमध्ये हवे असलेले औषध मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातच ठरवावे लागते. प्रत्यक्षात मात्र अनेक विभागांत निधी वर्षाच्या उत्तरार्धात हाती येतो आणि मार्चअखेर तो खर्ची पाडण्याची घाई होते. घाईत घेतलेली औषधे मग गोदामात एकाच वेळी येतात आणि पुढे एकाच वेळी मुदतबाह्य होतात.

घरच्या प्रणालीचे धोकेही घरचेच असतात. एखाद्या हुशार कर्मचाऱ्याने तयार केलेला तक्ता जिल्ह्याचे सारे नियोजन पेलत असतो आणि त्याची बदली झाली की सूत्रे कोणालाच उलगडत नाहीत. कंत्राटी तत्त्वावर घेतलेले संगणक कर्मचारी दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहतात. चांगले असतात ते आधी सोडून जातात. सुरक्षिततेचे भानही लागते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम चालवावे लागले. माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि ती परत उभी करण्याचा सराव करणे हा प्रणाली उभारणीच्या खर्चाचाच भाग मानावा लागतो. निविदेत तो बहुधा शेवटच्या पानावर असतो.

मनुष्यबळाचा विचार केला, तर अशा पथकात संगणकतज्ज्ञांपेक्षा इतरांची संख्या जास्त असणे हे चांगले लक्षण होय. औषध निर्माण अधिकारी, भांडार सांभाळलेला माणूस, साथरोगांची आकडेवारी जाणणारा वैद्यकीय अधिकारी आणि लेखा शाखेतील कर्मचारी यांच्याशिवाय केलेली प्रणाली दिसायला देखणी असते, पण तिचे आकडे कोणी वापरत नाही. सुरुवातही लहान करणे हिताचे. आधी सूची, मग गोदामांचा साठा, त्यानंतर केंद्रांतील रोजचा वापर आणि या नोंदी वर्षभर विश्वासार्ह झाल्यावरच मागणीचा अंदाज. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. अंदाजाचे रंगीत आलेख सर्वांत आधी तयार होतात, कारण उद्घाटनाच्या दिवशी तेच दाखवता येतात.

सर्वांत उपयुक्त पुरावा मात्र अनेक विभागांकडे आधीपासूनच आहे. औषध संपल्यावर रुग्णालये स्थानिक पातळीवर तातडीची खरेदी करतात आणि त्याची देयके लेखा शाखेत जमा होतात. कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती आणि दरकरारापेक्षा किती चढ्या भावाने घ्यावे लागले, हे सारे त्या देयकांवर लिहिलेले असते. तुटवड्याची याहून विश्वसनीय नोंद दुसरी नाही. ती सहसा औषध भांडाराच्या प्रणालीला जोडलेली नसते. त्याचप्रमाणे औषध खिडकीच्या पडद्यावर ‘दिले’ या रकान्याशेजारी ‘लिहून दिले, पण देता आले नाही’ असा एक रकाना वाढवला, तर बाहेर पाठवलेला रुग्ण पुढील वर्षाच्या मागणीपत्रात मोजला जाईल. आज्ञावलीच्या दृष्टीने हे काम फार तर काही दिवसांचे आहे. तो रकाना रोज भरला जावा आणि त्यातील आकडा मोठा दिसला म्हणून भरणाऱ्यालाच जाब विचारला जाऊ नये, ही व्यवस्था मात्र विभागालाच करावी लागते.